‘ढ’ म्हणण्याआधी

(बिलोली येथे पालक, शिक्षक आणि मकतबमधील उस्ताद यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका आहेत.)



आज मी मेंदूबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. मी सत्तावीस वर्षं उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवली. त्यामुळे मेंदूबद्दल जे सांगेन ते वाचून, समजून घेतलेलं असेल. मुलांबद्दल जे सांगेन ते मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, आणि त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे. सुरुवात तिथूनच करते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीचा वर्ग. एका मुलाला मी पाठ वाचायला उभं केलं. त्यानं घडाघडा वाचला, एकही चूक नाही. मी शाबासकी देणार, तेवढ्यात शेजारचा मुलगा फिदीफिदी हसायला लागला. जवळ जाऊन बघते तर याच्या हातात पुस्तक उघडं होतं, पण पान दुसऱ्याच पाठाचं! पाठ त्याला ऐकून ऐकून पाठ झाला होता. मी फळ्यावर ‘पाऊस’ असा साधा शब्द लिहिला आणि म्हटलं, वाच. तो नुसता बघत राहिला.

मला राग आला. वाटलं, पोरगं आपल्याला बनवतंय. मी भर वर्गात त्याला ‘ढ’ म्हटलं. मुलांनी ते उचललं. पुढं त्याला नावानं कुणी हाक मारली नाही.

त्याची अम्मी मला भेटायला आली. म्हणाली, “आपा, दिमाग तो तेज है इसका. कित्ती सूरतां याद हैं. पन किताब सामने आई की चुप हो जाता.” त्या अनपढ बाईनं दोन वाक्यांत त्याचं अचूक निदान केलं होतं. मी पदवीधर शिक्षिका. मी उत्तर दिलं, “त्याचं लक्षच नसतं.” सातवीत त्यानं शाळा सोडली. आज तो मेकॅनिक आहे. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी तो माझ्या दारात उभा राहिला. सोबत तिसरीतली मुलगी. म्हणाला, “आपा, ये बी मेरे सरीकीच है. मॅडम कू बोलो, इसकू मारो नको.” त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि त्यानंतर मी वाचायला लागले, जे मला वीस वर्षांपूर्वी ठाऊक असायला हवं होतं.

पहिली गोष्ट मी ही शिकले की बोलणं आणि वाचणं या सारख्या गोष्टी नाहीत. मूल घरात बोलणं ऐकतं आणि बोलायला लागतं. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. माणूस फार फार जुन्या काळापासून बोलतो आहे. लिपी मात्र साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि सर्वसामान्य माणसाच्या हाती ती अगदी अलीकडे आली. म्हणून मेंदूत वाचनासाठी जन्मतः तयार असा कोपरा नाही. वाचायला शिकताना मेंदू आपल्या जुन्या सोयी कामाला लावतो. वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग अक्षरं ओळखायला लागतो, आवाज समजणारा भाग त्या अक्षरांना ध्वनी देतो, आणि दोन्हींच्या मध्ये एक नवी वाट पडते.

ही वाट असते हे डॉक्टरांना आधी आजारी माणसांकडून कळलं. १८९२ साली पॅरिसमध्ये देजेरीन नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद केली. झटका आल्यानंतर त्या गृहस्थांना दिसत होतं, बोलता येत होतं, लिहिताही येत होतं. पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नव्हतं. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला मागच्या भागात इजा आढळली. त्या काळी मेंदू पाहायचा तर माणूस मरावा लागे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे बदललं. एफएमआरआय नावाच्या तपासणीत माणूस यंत्रात पडून शब्द वाचतो, आणि मेंदूच्या कोणत्या भागात त्या क्षणी रक्तातला प्राणवायू वाढला ते यंत्र टिपतं. जो भाग काम करतो, तिकडं रक्त धावतं. इतकं साधं तत्त्व.

या तपासण्यांतून दिसलं की वाचताना प्रामुख्यानं डाव्या बाजूच्या तीन जागा एकत्र काम करतात. मागं खाली, जिथं शब्दाचं रूप ओळखलं जातं. कानाच्या वर-मागं, जिथं अक्षराची आणि ध्वनीची गाठ पडते. आणि पुढं, जिथं उच्चाराची जुळणी होते. सरावलेल्या वाचकात हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं.

इथं बसलेल्या अम्मी आणि दादींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, कधी शाळेत न गेलेल्या प्रौढ माणसांना संशोधकांनी सहा महिने हिंदी, म्हणजे आपलीच देवनागरी, वाचायला शिकवली. त्यात बहुतेक बायका होत्या. शिकण्याआधी आणि नंतर त्यांचे मेंदू तपासले. २०१७ साली निष्कर्ष छापून आले: तिशीतल्या माणसांच्या मेंदूत, अगदी आत खोलवरच्या भागांपर्यंत, बदल झाला होता. म्हणजे ‘आता या वयात काय शिकायचं’ हे वाक्य मेंदूला मान्य नाही.

आता त्या मुलाकडं येऊ.

१८९६ साली इंग्लंडमध्ये मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं. हुशार, चपळ, हिशेबात बरा; पण साधे शब्द वाचता येईनात. त्याच्या शिक्षकाचं म्हणणं असं होतं की सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. आपल्या अम्मीनं मला काय वेगळं सांगितलं होतं?

याला आज डिस्लेक्सिया म्हणतात. सरकारी भाषेत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या गटात तो येतो. १९९८ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या सॅली आणि बेनेट शेविट्झ या दांपत्यानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माणसांचे वाचतानाचे स्कॅन छापले. डाव्या बाजूच्या मागच्या ज्या जागा इतरांत उजळत होत्या, त्या यांच्यात मंद होत्या. पुढची जागा मात्र जास्त राबत होती. म्हणजे जिथं आपण सरळ रस्त्यानं जातो, तिथं हे मूल काट्याकुट्यांतून वळसा घालून जातं. उशीर होतो, दमतं, आणि वर आपण म्हणतो, आळशी आहे.

२०११ साली आणखी एक अभ्यास आला. वाचनात कच्च्या मुलांचे दोन गट केले. एकात बुद्ध्यंक चांगला असलेली, दुसऱ्यात कमी असलेली. ध्वनी ओळखण्याचं काम दिलं तेव्हा दोन्ही गटांच्या मेंदूत सारखीच कमतरता दिसली. वाचनातली ही अडचण आणि अक्कल यांचा संबंध आपण जोडला होता, मेंदूनं नाही.

आणि हे घराण्यात चालतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलात येण्याची शक्यता बरीच जास्त असते. ‘ये बी मेरे सरीकीच है’ हे त्या मेकॅनिकनं उगाच म्हटलं नव्हतं.

उस्तादजी, आता तुमच्या-माझ्या कामाबद्दल थोडं. आपल्या बिलोलीतल्या मुसलमान मुलाच्या डोक्यावर दहाव्या वर्षापर्यंत किती लिप्या येतात ते मोजा. मकतबमध्ये अरबी. शाळेत उर्दू. मराठी देवनागरीत. इंग्रजी रोमनमध्ये. घरात दखनी, जी कुठल्याच पुस्तकात नाही. आणि नदीपलीकडच्या तेलंगणातून आई आली असेल तर कानावर तेलुगूही.

यातली प्रत्येक लिपी मेंदूकडं वेगळं काम मागते. कायद्यात जेर, जबर, पेश सगळं दिलेलं असतं. तीच अक्षरं उर्दूच्या पुस्तकात आली की जेर-जबर गायब. ‘इस’ आणि ‘उस’ छापील उर्दूत एकसारखेच दिसतात. पुढचं वाक्य वाचून ठरवायचं. बे, पे, ते, से यांची होडी एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. देवनागरीत ‘इस’ आणि ‘उस’ स्पष्ट वेगळे, पण तिथं दुसरीच गंमत: ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी, बोलायची नंतर. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ यांत एकच र तीन रूपांत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत डोळा चुकतो. हिंदी आणि उर्दू दोन्ही लिप्या येणाऱ्यांवर एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बोलायला शब्द तेच, पण देवनागरीत लिहिलेले लवकर वाचले गेले, उर्दूतले उशिरा. यात उर्दूचा कमीपणा नाही. तिची मागणी वेगळी आहे, एवढंच. म्हणून तिला वेळ जास्त द्यायला हवा.

मग डिस्लेक्सिया इंग्रजीवाल्यांचाच आजार का? आपल्याकडं अनेकांना तसं वाटतं. २००७ साली ‘तारे जमीं पर’ आला, आपण सगळ्यांनी पाहिला, रडलो, आणि म्हणालो, हे मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळांचं आहे. पण २००१ साली इटली, फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या अशा माणसांचे स्कॅन एकत्र अभ्यासले गेले. इटालियन जशी लिहितात तशी बोलतात, म्हणून तिथले लोक बरे वाचत होते. इंग्रजी-फ्रेंचवाले जास्त अडखळत होते. मेंदूतली मंद जागा मात्र तिन्ही देशांत तीच. यातून आपण काय घ्यायचं? सोप्या लिपीत ही अडचण झाकली जाते, नाहीशी होत नाही. आणि झाकायचा आणखी एक रस्ता आपल्या मुलांकडं आहे: पाठांतर. ज्याची याददाश्त चांगली, तो कानानं सगळं उचलतो आणि वाचता येत नाही हे दोन-तीन वर्षं कुणाला कळतच नाही. उस्तादजी, सबक घेताना कधी मधूनच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा. मलाही ते तेव्हा सुचायला हवं होतं.

सभेच्या आधी एका भावानं मला विचारलं, “आपा, नांदेडला नेऊन पोराचा एमआरआय काढू का?” नको. हे मी जोर देऊन सांगते. मी सांगितलेले सगळे अभ्यास गटांचे आहेत. अनेक मुलांची सरासरी काढली की फरक दिसतो. एका मुलाचा स्कॅन बघून त्याला डिस्लेक्सिया आहे की नाही, हे कुणालाही सांगता येत नाही. स्कॅन करून किंवा कसलं औषध देऊन हे बरं करतो असं कुणी म्हणालं तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या. मेंदूच्या चित्रांनी आपलं एक काम केलं आहे: मुलावरचा आळशीपणाचा आणि मूर्खपणाचा आळ त्यांनी खोटा ठरवला. पुढचं काम वर्गात आणि घरात करायचं आहे.

दुसरी बाजूही सांगते. वाचन कच्चं असलेलं प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचं नसतं. जगभरातले अंदाज साधारण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असतात. आपल्या वर्गात न वाचणारी मुलं त्याहून जास्त आहेत. कुणाला चष्मा हवा असतो. कुणाचा कान वाहतो. कुणी आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिने शाळेबाहेर असतं. कुणाला शिकवलंच गेलेलं नसतं. म्हणून आधी डोळे तपासा, कान तपासा, हजेरी तपासा, आणि आम्हा शिक्षकांनाही तपासा.

मग ओळखायचं कसं? तोंडी उत्तर छान, लिहिताना पान कोरं. एकच शब्द वरच्या ओळीत वाचला, खालच्या ओळीत अडला. पहिलं अक्षर बघून पुढचं अंदाजानं ठोकून दिलं. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरतं, हे सांगता येईना. एकच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिला. बापाचं किंवा चाचाचंही असंच होतं. यातल्या बऱ्याच गोष्टी दुसरी-तिसरीनंतरही टिकून असतील तर तपासणी करून घ्या. लहान मुलं अक्षरं उलटी काढतात, तेवढ्यावरून घाबरू नका.

आणि इलाज? इथं मेंदूच्या चित्रांनी सर्वांत चांगली बातमी दिली आहे. २००९ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या दोन संशोधकांनी आठ ते दहा वर्षांच्या, वाचनात कच्च्या मुलांचा अभ्यास छापला. मुलांना नेमानं सुमारे १०० तास खास शिकवणी दिली गेली. नंतर तपासलं तर मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंची स्थिती सुधारलेली होती, आणि वाचनही. १०० तास म्हणजे किती? रोज अर्धा तास धरला तर दोनशे दिवस. शाळेच्या एका वर्षात बसतात.

ही शिकवणी कशी? जादू काही नाही. आधी कानाचा खेळ: शब्द तोडा, जोडा, यमक जुळवा. मग एका वेळी थोडी अक्षरं. तोंडानं म्हणत, वाळूत किंवा पाटीवर बोटानं गिरवत. घ पक्का होईपर्यंत ध आणू नका. बे पक्का होईपर्यंत पे आणू नका. रोज थोडं, पण रोज. भर वर्गात मोठ्यानं वाचायला लावू नका. आणि जे कानानं कळतं ते कानानं शिकू द्या, म्हणजे वाचन मागं राहिलं तरी इतिहास-विज्ञान मागं राहणार नाही.

आता हक्काबद्दल. महाराष्ट्र सरकारनं १९९६ सालीच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली, देशात सर्वांत आधी. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. म्हणजे मी त्या मुलाला ‘ढ’ म्हटलं तेव्हा सवलत कागदावर होती. मुंबईहून बिलोलीला ती पोचली नव्हती, एवढंच. १९९५च्या अपंग कायद्यात हा प्रकार नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये तो आला. २०१८च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळू शकतो. अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरली तर उच्च शिक्षणात आणि सरकारी नोकरीतही राखीव जागा आहेत.

तपासणी कोणत्या भाषेत होते, हा आपला प्रश्न आहे. हरियाणातल्या मानेसर इथं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथं नंदिनी चटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार केला. २०१५ साली तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आला. पहिली ते पाचवीच्या मुलांची प्राथमिक चाचपणी शिक्षकालाच करता यावी, अशी त्यात सोय आहे. मराठी त्या पहिल्या चारांत आहे, याचा मराठीची शिक्षिका म्हणून मला आनंद आहे. उर्दू त्या चारांत नव्हती, हे उर्दू शाळेची शिक्षिका म्हणून मला बोचतं. उर्दूत शिकणाऱ्या मुलाला फक्त मराठीच्या किंवा इंग्रजीच्या तराजूत तोलू नका, ही आपली मागणी असली पाहिजे. आपण इतक्या गोष्टींसाठी निवेदनं देतो, मोर्चे काढतो. एक निवेदन यासाठीही द्या.

म्हणून तीन गोष्टी मागते. शिक्षकांनो, दुसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला अनोळखी शब्द वाचायला द्या आणि जे अडतं त्याची नोंद करून गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला कळवा. पालकांनो, ‘पढ़ाई में दिल नहीं’ म्हणून मुलाला गॅरेजवर आणि मुलीला घरकामाला लावण्याआधी एकदा तपासणी करा. मुलीच्या बाबतीत तर ही तक्रार कुणी करतच नाही. तिनं शाळा सोडली तर घराला ती सोय वाटते. आणि उस्तादजी, मकतबमध्ये छडी ठेवू नका. जे मूल वाचूच शकत नाही ते माराच्या भीतीनं वाचायला लागत नाही; ते फक्त लपवायला शिकतं.

त्या मेकॅनिकची मुलगी आता पाचवीत आहे. ती माझ्याकडं संध्याकाळी अर्धा तास येते. अजून अडखळते. जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडं बघते. पण आता तिला माहीत आहे की ती मूर्ख नाही, आणि त्यामुळं ती पुस्तक उघडते. तिला सोडायला येणारा बाप हल्ली दारातून परत जात नाही. शेजारी बसून तोही अक्षरं लावतो.

मी त्याची माफी मागितली आहे. तो म्हणाला, “जाने दो आपा, बहोत पुरानी बात.” पण त्याला ‘ढ’ म्हटलं होतं ते भर वर्गात, आणि माफी मागितली ती घरात, एकटीनं. हिशेब जुळत नव्हता. म्हणून त्याचं नाव न घेता, आज भर सभेत मागते.